बलून बघायचाय मला

“बलून बघायचाय मला,” मी जालिंदरला फोनवर म्हणाले. मागं भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता, तो त्यानं बंद करायला लावला.

“कसला बलून, आई?”

“तू मागल्या साली मोबाईलवर धाडलेला. घराएवढाले फुगे. खाली आग लावून वर सोडतात ते.”

“ते पोल्लाचीला असतंय. इथनं दीड तास. जानेवारीत.”

“मग जानेवारीत येते.”

तो हसला. आई चेष्टा करते आहे अशी त्याची समजूत झाली, आणि मीही ती लगेच मोडली नाही. माणूस हसत असतो तोवर त्याच्याकडून पुष्कळ काही काढून घेता येतं.

जालिंदर माझा एकुलता मुलगा. कोईमतूरला त्याचं गलाईचं दुकान होतं. सराफांकडून येणारं जुनं सोनं भट्टीत गाळायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. आमच्या विट्याकडच्या गावांतून हा धंदा घरोघरी आहे. पुरुष सगळ्या देशात पांगलेले, घरं गावात आणि घरात बायका. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. पण गलाईवाल्याच्या दाराला कुलूप दिसलं की गाव समजतं, ह्यांचं इथलं संपलं, हे आता परतून येत नाहीत. म्हणून घरटी एक तरी बाई मागं राहते. माझी सासू राहिली, मी राहिले, आणि लग्न होऊन आल्यापासून माझ्या जोडीला माझी सून वैजयंता राहत होती. जालिंदर दिवाळीला यायचा आणि चैत्रात जत्रेला यायचा. आल्यावर पहिले दोन दिवस तो झोपायचा, शेवटचे दोन दिवस सामान बांधायचा. मधले जे उरायचे ते वैजूचे. तिनं कोईमतूर पाहिलेलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं, पण माझं वय निघून गेलं होतं, तिचं जायचं होतं.

माझं गावात लहानसं किराणा दुकान आहे. दुकानात बसलं की माणसं न विचारता कळतात. साखर जास्त नेली की पाहुणे आलेत. एकाच घरातून सासू आणि सून वेगवेगळी चहाची पुडी न्यायला लागल्या की चूल फुटायला आली. कुणी कुणासाठी काय केलं आणि बदल्यात काय मिळालं, ह्याची नोंद माझ्या डोक्यात आपोआप होत असते. स्वभावच तसा, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी जालिंदरचाच फोन आला. रात्रभर त्यानं विचार केला असणार, कारण त्याच्याकडं आता कारणं होती. पोंगलची गर्दी फार असते, म्हणाला. मी म्हणाले, खरसुंडीची जत्रा बघितलेल्या बाईला गर्दी सांगू नकोस. खोली लहान आहे, दुकानाच्या वरच, आणि त्यात गावातली आणखी दोघं राहतात. मी म्हणाले, त्या दोघांच्या आया माझ्या दुकानात रोज येतात, आठ दिवस दुसरीकडं झोपा म्हणून त्यांना मी निरोप देते. मग त्यानं बलूनचीच निंदा सुरू केली. कापड आणि गॅस, त्यात बघण्यासारखं काय? आम्ही दिवसभर आगीपुढंच असतो. मी म्हणाले, तू असतोस, मी नसते.

“तुझे गुडघे दुखतात, आई. जिना चढायचा, रेल्वेत चढायचं. कोण धरणार तुला?”

ह्याच कारणाची मी वाट बघत होते.

“खरं हाय तुझं,” मी म्हणाले. “मग वैजूला घेऊन येते.”

मग जरा सावकाश तो म्हणाला, “तू ये की. मी मिरजेपर्यंत येतो न्यायला. वैजू राहील घरी. दाराला कोणतरी पाहिजे ना?”

वैजू तेव्हा माझ्यासमोर शेंगा फोडत बसली होती. फोनचा आवाज मोठा होता. तिनं मान वर केली नाही, पण शेंगा फुटण्याचा आवाज थांबला.

आता दाराचं बघायला हवं होतं. जालिंदरनं अडवलं होतं ते बरोबर जागी, हे मी मान्य करते. शेजारणीला ठेवून जाता येत नाही. शेजारीण म्हणजे घरची बाई नव्हे. घरची म्हणावी अशी एकच उरली होती, माझी नणंद सोनाबाई, आणि ती जालिंदरच्या लग्नापासून माझ्याशी बोलत नव्हती. लग्नात मानाचं पातळ तिला हलकं आलं, हे तिचं म्हणणं. ते हलकंच होतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

एसटीनं मी तिच्या गावी गेले. जाताना चांगलं भारी पातळ घेतलं. सोनाबाई दारातच बसली होती. ‘ये’ म्हणाली नाही, पण सरकून जागा केली. पाणी दिलं, मग चहा, मग न विचारता माझ्यापुढं जेवणाचं ताट आलं. पातळाची घडी उलगडून तिनं पदर बोटांत चोळून बघितला.

“लग्नातलं होतं, त्याची मी ताक गाळायला गाळणी केली,” ती म्हणाली. “चांगली झाली.”

“ऐकलं मी.”

“आणि आता नणंद आठवली. काय काम काढलंस?”

मी बलूनचं सांगितलं. सोनाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. म्हातारपणी बाईच्या डोक्यात वारं शिरतं असं तिनं ऐकलं होतं म्हणे, पण ते असं खरोखरच आभाळात घेऊन जातं हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या सुनेनं आत तोंडाला पदर लावला.

“घराला कुलूप लावून जाते असं म्हणू नकोस,” सोनाबाई म्हणाली. “माझ्या बापाचं दार हाय ते.”

“म्हणून तर तुझ्याकडं आले. तुझ्या बापाचं दार तू राखशील का आठ दिवस?”

तिनं लगेच हो म्हटलं नाही. गोठ्याकडं बघून म्हशीची अडचण सांगितली, सुनेच्या हाताला चव नाही हे सुनेला ऐकू जाईल असं सांगितलं, स्वतःच्या गुडघ्यांचंही सांगून झालं. पण लग्न झाल्यापासून ह्या बाईला माहेरी चार दिवसांवर कुणी राहू दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी ताटातली भाकरी सावकाश संपवली. हात धुवायला उठले तेव्हा तिनं विचारलं, “माझी झोपायची खोली तीच हाय ना, मधली?”

घरी येऊन मी जालिंदरला फोन लावला आणि दाराला त्याची आत्या बसते आहे असं सांगितलं. त्याला ते खरं वाटेना. आमचं भांडण त्याच्याच लग्नातलं, त्या भांडणाच्या भरवशावरच तर तो बोलला होता. शेवटी, तिकिटं मिळणार नाहीत आता, असं काहीतरी पुटपुटला. तिकिटं मी सोनाबाईकडनं परतताना मिरजेला जाऊन काढलीच होती.

अडलं ते वैजूपाशी. ती म्हणाली, “आई, तुम्ही जाऊन या. मी राहते सोनाआत्यांच्या सोबतीला.”

“का? तुला बलून बघायचा न्हाई?”

“बघितलाय की मोबाईलवर.”

हे मात्र खोटं होतं. तो व्हिडिओ ती बघायची, हे मला माहीत होतं. दुपारी दुकान बंद असताना, कणीक मळून ठेवली की, निजायच्या आधी. पण लावला की बोटानं भराभर पुढं सरकवायची. रंगीत फुगे, माडांची झाडं, गर्दी, सगळं पुढं ढकलून ती अगदी शेवटावर यायची. तिथं मोबाईल धरणारा हात हलतो, जमीन दिसते, जालिंदरची चप्पल दिसते, आणि तो कुणाच्यातरी बोलण्यावर मोठ्यांदा हसतो. एवढंच. ते हसणं ती परत परत लावायची. घरी आल्यावर जालिंदर तसा हसत नसे.

“माझ्या गुडघ्यांना कोण धरणार?” मी म्हणाले. “मी रेल्वेत पडले की तुलाच नावं ठेवतील.”

ती सामान काढायला उठली. सामान बांधताना तळाशी भाकरीचा तवा घातलेला तिनं बघितला. आठ दिवसांसाठी तवा कशाला, म्हणाली. मी म्हणाले, तांदूळ खाऊन माझं पोट भरत नाही. तिची चांगली लुगडी, हिवाळ्याची शाल, माहेरून आलेली पितळी परात, हे सगळं मी आधीच तिच्या पिशवीत घातलं होतं. ती पिशवी उचलताना जरा थबकली, पण बोलली नाही. गाव मात्र पुष्कळ बोललं. एसटीला उभ्या होतो तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं हाक दिली, काकी, वरनं आमचं घर दिसलं तर हात करा. मी म्हणाले, हात करते, तुम्ही तेवढं छपरावर धोतर वाळत घालून ठेवा, ओळखायला बरं.

मिरजेला गाडीत बसलो. हुबळी मागं पडल्यावर रेल्वेचा डबा रिकामा झाला. ऊन कलत होतं, काळी रानं पळत होती. वैजूनं माझे पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. बराच वेळ चोळून मग खाली बघत म्हणाली, “एक विचारू? रागवू नका.”

“विचार.”

“मला आत्ता आपणहून घेऊन निघालाय. मग इतकी वर्षं का सोडलं न्हाई? मी दर दिवाळीला ह्यांना म्हणते, मला न्या. हे म्हणतात, मी नेतो गं, आई सोडत न्हाई.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

“बलूनमध्ये बसल्यावर सांगते,” मी म्हणाले. तिनं माझे पाय खाली ठेवले नाहीत, पण चोळायची थांबली.

मला राग आला नव्हता. उलट, मनात होता त्या संशयाचा पडताळा आल्यासारखं वाटलं. जालिंदरचे वडील तिरुचिरापल्लीला होते. मीही दर दिवाळीला म्हणायचे, मला न्या. ते म्हणायचे, मी नेतो, पण आई सोडत नाही. त्या एका वाक्यावर मी सासूशी जन्मभर आतून फटकून वागले. वरून सगळं नीट, पाया पडणं, पाणी तापवून देणं. आत काही नाही. ती शेवटच्या आजारात अंथरुणाला लागली तेव्हा एकदा तिचे पाय चेपत होते. ती म्हणाली, “गजरा, तुला तिकडं करमणार न्हाई असं तूच म्हणालीस ना गं? मी तर पोराला दर साली सांगायची, हिला घेऊन जा.” आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. हे बाहेर ओट्यावर बसून विडी ओढत होते. आम्हा दोघींना वेगवेगळं सांगून त्यांनी सगळं आयुष्य सुखात काढलं होतं, आणि आम्ही दोघी एका घरात राहून हे एकमेकींना विचारलं नव्हतं. सासू महिन्याभरात गेली. तिच्याशी नीट वागायला मला तेवढाच महिना मिळाला.

म्हणून हे फोनवर काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. फोनवर तो मला एक सांगणार, तिला दुसरं. तिघांना एका जागी, समोरासमोर उभं करायला हवं होतं, आणि ‘जरा दुकानात जाऊन येतो’ म्हणून त्याला उठता येऊ नये अशी जागा हवी होती.

कोईमतूर स्टेशनावर जालिंदर आला होता. नवा शर्ट घालून आला होता, म्हणजे अगदीच वाईट मनानं नव्हता. बाहेर रिक्षावाल्यानं काहीतरी भाडं सांगितलं. जालिंदर खिशात हात घालतोय, तोवर वैजू पुढं झाली आणि रिक्षावाल्याशी तमिळमध्ये बोलायला लागली. तुटक बोलत होती, पण बोलत होती. रिक्षावाला आधी चमकला, मग हसला, आणि त्यानं निमूट सामान आत घेतलं.

“हिला कुठनं येतंय?” जालिंदरनं मला विचारलं.

“शेजारच्या शालनची पोरं इथंच वाढली, सुट्टीला गावी येतात. त्यांना भजी तळून घालायची आणि बोलत बसायची,” मी म्हणाले. “तुला कुणी सांगितलं न्हाई? मला वाटलं तुम्ही फोनवर बोलत असाल.”

वाटेत तो पिशव्या सावरत बसला. हिला तिकडची भाषा येत नाही, करमणार नाही, हे त्याचं राखून ठेवलेलं कारण होतं, असं मला वाटतं. ते वापरायच्या आधीच वाया गेलं.

पोल्लाचीला आम्ही भल्या सकाळी पोचलो. माडांच्या बागांमधलं मोठं रान, त्यावर दव, आणि पसरलेले कापडाचे ढीग एकेक करून उठत होते. एक पट्ट्यापट्ट्यांचा, एक हत्तीच्या तोंडाचा, एक नुसता लाल. फुगे उठताना आधी कुशीवर वळायचे, मग बसते व्हायचे, मग उभे राहायचे, अगदी गुडघेदुखीच्या बाईसारखे. मी कौतुकानं बघितलं हे खरं. पण मला हवा होता तो बाजूला होता. चारी बाजूंनी दोर बांधलेला एक बलून लोकांना चारचार करून उंच नेत होता, थोडा वेळ तसाच धरून परत खाली आणत होता. दूर जाणाऱ्या बलूनमध्ये गोष्टी हाताबाहेर जातात. बांधलेला बरा.

जालिंदर म्हणाला, आई, खालनंच बघ. मी रांगेत जाऊन उभी राहिले. वैजू माझ्या मागं आली. मग त्यालाही यावं लागलं. वेताच्या त्या टोपलीत दोघा माणसांनी मला उचलून ठेवलं. आम्ही तिघं आणि बलून चालवणारा. त्यानं डोक्यावरची शेगडी सोडली, भसकन् जाळ झाला आणि जमीन पायाखालून निघून गेली.

जालिंदर टोपलीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभा होता. रोज आगीशी काम करणारा माझा मुलगा, पण उंचीला भ्यायला होता. दोर ताणले, टोपली डुलली आणि थांबली. जाळ बंद झाल्यावर इतकी शांतता झाली की खालच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं.

“जालिंदर,” मी म्हणाले, “वैजूला मी इकडं पाठवत न्हाई म्हणं. कधी न्हाई म्हणाले, तेवढं सांग.”

शेगडी पुन्हा भडकली. त्या आवाजात तो काहीतरी म्हणाला, ते गेलं. मी जाळ थांबेपर्यंत थांबले.

“काय म्हणालास?”

“हितं कशाला हे, आई? हा माणूस ऐकतोय.”

“त्याला मराठी येत न्हाई,” वैजू म्हणाली. “मी विचारलंय.”

जालिंदरनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं असेल. मग तो पुन्हा खोलीच्या कारणावर आला. खोली लहान आहे, जिना अंधारा आहे. मी म्हणाले, खोलीचं विचारलेलं नाही. मग तो म्हणाला, इथं बायका आणल्या की माणूस इथलाच होतो, गावाकडं फिरत नाही, सगळे तेच म्हणतात. मी म्हणाले, सगळ्यांचं नको, माझं नाव कुणी घेतलं ते सांग.

खालच्या माणसांनी दोर ओढायला घेतले आणि टोपली उतरायला लागली. जालिंदरचा चेहरा सैल झाला. आता जमीन येणार, गर्दी येणार, चहाचं निघणार. एवढ्यात वैजू चालवणाऱ्याकडं वळून काहीतरी बोलली. तो मान हलवून रांगेकडं बोट दाखवायला लागला. ती माझ्याकडं हात करून आणखी बोलली. त्यानं माझ्याकडं बघितलं, छातीला हात लावला, खालच्यांना ओरडून काही सांगितलं आणि शेगडी सोडली. आम्ही पुन्हा वर निघालो.

“काय सांगितलंस त्याला?”

“म्हटलं, ह्या बाईचं एक काम राहिलंय वर. ते झाल्याशिवाय त्या उतरणार न्हाईत.”

दोर ताणले. जाळ थांबला.

“मीच म्हणालो होतो,” जालिंदर म्हणाला.

“मला न्हवं. तिला सांग.”

त्यानं टोपलीची कड सोडली आणि तिच्याकडं वळला. “आईनं कधी अडवलं न्हाई. मीच म्हणत होतो.”

वैजू रडेल असं मला वाटलं होतं, मी रुमाल काढून ठेवला होता. ती रडली नाही. वाऱ्यानं उडालेला पदर तिनं ओढून खोचला.

“मग मी परत जात न्हाई,” ती म्हणाली.

“अगं पण आई एकटी...” तो म्हणाला. आम्ही दोघींनी एकदम त्याच्याकडं बघितलं. पुढचं त्यानं गिळलं.

खाली उतरल्यावर मला पुन्हा दोघा माणसांनी उचलून बाहेर ठेवलं. जालिंदर कुठं चहा मिळतो बघत होता. वैजू जाऊन रांगेत उभी राहिली, सगळ्यांच्या मागं. थोडा वेळ तो चहावाल्याजवळ घुटमळला. मग न पिताच तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. रांग हळूहळू सरकत होती आणि दोघांमध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा होती. टोपलीत चढताना ती जागा गेली.

दोघं वर गेले. इतक्या उंचावरून तोंडं ओळखू येत नव्हती. नुसती त्याच्या शर्टाची निळाई आणि तिच्या लुगड्याचा हिरवा रंग. काय बोलले ते मला आजतागायत माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही. एकदा तेवढा त्यानं हात लांब करून डोंगराच्या बाजूला काहीतरी दाखवलं, आणि ती त्या बाजूला सरकून बघायला लागली. बहुतेक कोईमतूर असावं.

मी खाली दवात उभी राहून परतीच्या जेवणाच्या डब्याचा हिशोब करत होते. वैजूला सांगून भाकरी थापून घ्यायला हवी होती, आणि तवा आता तिच्याकडंच राहणार होता. हुबळीपर्यंत एक आणि मग मिरजेपर्यंत एक. एकटीला दोन पुरतात.